राष्ट्रीय फुटबॉल संघाचा कोच: देशी की परदेशी, हा नंतरचा प्रश्न

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या मुलानं विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माधवनगरच्या स्मृती मानधनाच्या संघाला अमोल मुझुमदारसारखा आपलाच माणूस कोच होता, तोही भारताकडून एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला, आणि 2025 मध्ये वर्ल्ड कप आला. मग फुटबॉलमध्ये आपण फिरून फिरून परदेशी कोच का आणतो? आणि भारताच्या संघासाठी कोच निवडायचा तर नक्की बघायचं काय?

सांगली-मिरजेत शाळा, क्लब आणि जिल्ह्याचे निवड संघ सांभाळण्यात माझी हयात गेली. राष्ट्रीय संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये मी कधी बसलेलो नाही. पण जिल्ह्याच्या निवड संघाची अडचण आणि राष्ट्रीय संघाची अडचण एकाच जातीची असते. पोरं दुसऱ्यांनी घडवलेली, आपापल्या क्लबात वेगवेगळं शिकलेली, आणि आपल्या हातात स्पर्धेआधीचे मोजके दिवस. त्यामुळं या विषयावर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

देशी की परदेशी हे तू सगळ्यात आधी विचारलंस. मी ते सगळ्यात शेवटी विचारीन. पहिला प्रश्न असा की या माणसाला खेळाडू किती दिवस मिळणार आहेत?

क्रिकेटशी तुलना इथंच फसते. महिला क्रिकेट संघाच्या मुलींना बीसीसीआयचा करार असतो, दौरे बीसीसीआय आखतं, आणि मुझुमदारना ऑक्टोबर 2023 पासून वर्ल्ड कपपर्यंत दोन वर्षं साधारण त्याच मुलींबरोबर मालिकांमागून मालिका काम करता आलं. फुटबॉलपटूचा पगार क्लब देतो. तो खेळाडू क्लबाचा, देशाला तो उसना मिळतो, तेही फिफा या जागतिक महासंघानं ठरवलेल्या विंडोमध्ये, म्हणजे देशांच्या सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत. 2025 पर्यंतचा रिवाज म्हणजे वर्षात पाच विंडो, प्रत्येक साधारण नऊ दिवसांची, त्यात दोन सामने. 2026 पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन विंडो जोडून एक मोठी केली आहे, बाकी गणित तेच. विंडोच्या बाहेर खेळाडू सोडायचं क्लबावर बंधन नाही, आणि काही क्लब सोडत नाहीतच. 2025 च्या ऑगस्टमधल्या शिबिराला हे पुन्हा दिसलं.

आता त्या नऊ दिवसांची फोड कर. रविवारी रात्री खेळाडू क्लबाचा सामना खेळतो. सोमवारी विमान. मंगळवारी अंग मोकळं करण्यापलीकडं काही करता येत नाही, कारण दोन दिवसांपूर्वी नव्वद मिनिटं धावलेल्या पायांना ताण दिला की मांडीचा स्नायू गेलाच म्हणून समज. बुधवारी एक खरा सराव. गुरुवारी सामना. शुक्रवारी पुन्हा विश्रांती आणि प्रवास, शनिवार-रविवारी दीड सराव, मंगळवारी दुसरा सामना. म्हणजे एका विंडोत डाव शिकवण्याचे खरे सराव तीन, फार तर चार. वर्षभराचे मिळून वीसही भरत नाहीत. एवढंच सांगतो की एखादा बरा क्लब तेवढे सराव महिन्याभरात उरकतो.

तालमीतला वस्ताद पोराला लहानपणापासून खुराक देतो, जोर-बैठका मारून घेतो, एकेक डाव हाडात मुरवतो. राष्ट्रीय संघाचा कोच हा वस्ताद नव्हेच. दुसऱ्यांच्या तालमीतले तयार पैलवान घेऊन तो मैदानात जातो. कोणाची जोड कोणाशी लावायची आणि आखाड्यात उतरताना कानात काय सांगायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. आपल्याकडं नेमणूक करताना मात्र वस्ताद शोधायला निघतात. 'भारतीय फुटबॉलचा कायापालट करणारा' माणूस पाहिजे म्हणतात. कायापालट तळातल्या लीगमधून, शाळांमधून, जिल्ह्यातल्या मैदानांतून होतो. वीस सरावांत होत नाही.

म्हणून मुलाखतीला मी असेन तर उमेदवाराला त्याचं 'तत्त्वज्ञान' विचारणार नाही. ते सगळ्यांकडं छापील तयार असतं. मी त्याला भारताचा हरलेला एखादा सामना दाखवीन आणि म्हणीन, पुढचा सामना गुरुवारी आहे, सराव एक, बोल. जो चार गोष्टी सांगेल त्याला चहा पाजून परत पाठवायचं. जो एकच सांगेल, आणि ती कशी शिकवणार हे मैदानावर खुणा ठेवून दाखवील, त्याच्याशी पुढं बोलायचं. एका सरावात संघाला एकच गोष्ट नीट बसते. दोन सांगितल्या की पोरं दोन्ही अर्ध्या करतात. जिल्ह्याच्या पोरांचं हे जेवढं खरं, तेवढंच भारताच्या बचावातल्या अनवर अली किंवा संदेश झिंगनचंही असणार. देशाची जर्सी घातली म्हणून माणसाचं डोकं मोठं होत नाही.

दुसरं, सेट-पीस. कॉर्नर, फ्री-किक, लांब थ्रो-इन. थोड्या दिवसांत सर्वांत जास्त पीक देणारी ही गोष्ट आहे, कारण चेंडू थांबलेला असतो आणि कुणी कुठं उभं राहायचं हे पाठ करून घेता येतं. उमेदवाराच्या मागच्या दोन-तीन हंगामांतल्या संघांनी सेट-पीसवर किती गोल केले आणि किती खाल्ले, हे कागदावर मांडून मगच त्याला खोलीत बोलवावं. छोट्या देशांचं यावर खूप काही अवलंबून असतं. युरो 2016 या युरोपीय देशांच्या स्पर्धेत आइसलँडनं इंग्लंडला 2-1 नं हरवलं, त्यात आइसलँडचा पहिला गोल लांब थ्रो-इनवरून आला होता. तेव्हा साडेतीन लाखांच्याही आत लोकसंख्या असलेला देश, आणि त्यांचा एक कोच हाइमिर हॅलग्रिमसन पेशानं दातांचा डॉक्टर. त्याच्या जोडीला अनुभवी स्वीडिश लार्स लागरबॅक होता. देशी आणि परदेशी अशी ती जोडगोळी होती, हे लक्षात ठेव, पुढं लागेल.

तिसरं, निवड. राष्ट्रीय कोचचं निम्मं काम टीव्हीसमोर आणि गॅलरीत बसून होतं. कोण फॉर्मात आहे, कोण दुखापत लपवतोय, कोण क्लबात एका जागी खेळतो पण देशासाठी दुसऱ्या जागी चालेल. इथं रहीमसाहेबांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशानं शिक्षक. 1951 ला दिल्लीत एशियाडचं सुवर्ण, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, 1962 ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. त्या 1962 च्या स्पर्धेत जर्नेलसिंग हा बचावातला भक्कम खांब डोक्याला टाके पडून जखमी झाला. रहीमनी त्याला बसवलं नाही, सेंटर फॉरवर्डला उभं केलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध 2-1 असा निकाल लागला, एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा जर्नेलसिंगचा. हे धाडस एका दिवसात येत नाही. जर्नेल कॉलेजवयात पुढं खेळायचा हे ठाऊक असलेला माणूसच असा पत्ता टाकू शकतो.

रहीमना देशी म्हणून यश आलं, असं लोक सांगतात. मी त्यात एक गोष्ट जोडतो. 1950 पासून ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचेही कोच होते, आणि त्या संघानं 1950 ते 1954 मुंबईतली रोव्हर्स कप स्पर्धा सलग पाच वेळा जिंकली. देशाच्या संघातले कितीतरी खेळाडू त्यांच्या रोजच्या नजरेखालचे होते. त्यांना विंडो लागत नव्हती. दिवस त्यांच्याकडं आधीपासून जमा होते.

परदेशी कोचांचंही गणित तपासलंस तर हेच सापडेल. नेदरलँड्सच्या गूस हिडिंकनं 2002 च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं, ते सगळ्यांना आठवतं. त्याच्या आधीचं वर्ष विसरतात. 2001 मध्ये कोरिया फ्रान्सकडून 5-0 हरला, मग चेक प्रजासत्ताकाकडूनही 5-0. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'पाच-शून्य' म्हणायला सुरुवात केली. महासंघानं त्याला काढलं नाही, उलट लीगचं वेळापत्रक वाकवून त्याला लांबलचक शिबिरं दिली. हिडिंक मोठा कोच होता, वाद नाही. पण कोरियानं जे दिवस दिले ते आपण कुठल्या कोचला दिले?

एकदा दिले होते, ते सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. इंग्लंडच्या बॉब हॉटननं आपल्याला 2008 ला आशियाई महासंघाचा, म्हणजे एएफसीचा, चॅलेंज कप जिंकून दिला, दिल्लीतल्या त्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीची हॅटट्रिक होती, आणि त्या विजेतेपदामुळं आपण 2011 च्या आशिया चषकात गेलो. त्या तयारीसाठी खेळाडू क्लबांपासून दूर काढून कित्येक महिने एकत्र ठेवले. दोहात त्या आशिया चषकात काय झालं? ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहारीनकडून 2-5, कोरियाकडून 1-4. दिवस मिळाले, पण स्पर्धात्मक सामन्यांचा कस त्या शिबिरात मिळत नव्हता. शिबिरातला सराव आणि दर आठवड्याला जिंकायच्या ईर्ष्येनं खेळलेला सामना यांत फरक पडतोच. आमची पोरंसुद्धा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांकडून एक हंगाम खेळून आली की ओळखू येतात. त्या गर्दीत, त्या शिव्यांत, पाय घट्ट होतात. कुठलंही शिबिर ते देत नाही.

आता तुझ्या देशी-परदेशीकडं येऊ. 2022 पर्यंत झालेले सगळे 22 विश्वचषक ज्या संघांनी जिंकले, त्यांचा कोच त्याच देशाचा होता. हा आकडा लोक हातोड्यासारखा वापरतात. पण जिंकणारे देश आठच आहेत, आणि त्यांच्याकडं घरचेच कोच जगात भारी असतात. आपल्यासारख्यांसाठी तो आकडा फारसा कामाचा नाही. 2004 ला ग्रीसनं युरो जिंकली ती जर्मन ओटो रेहागेलच्या हाताखाली. व्हिएतनामला कोरियाचा पार्क हँग-सिओ 2017 ला आला, 2018 ला आग्नेय आशियाचं विजेतेपद मिळवलं आणि 2019 च्या आशिया चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली. तो 23 वर्षांखालचा आणि मोठा, दोन्ही संघ सांभाळत होता, त्यामुळं पोरं त्याच्या हाताखालून वर आली. पुन्हा दिवसच.

मोरोक्कोचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. वाहिद हलिलहोदजिच या बोस्नियन कोचनं त्यांना 2022 च्या विश्वचषकाला पात्र केलं, आणि ऑगस्टमध्ये महासंघानं त्याला निरोप दिला. त्याच्या बाबतीत हे तिसऱ्यांदा घडलं, आयव्हरी कोस्टनं 2010 ला आणि जपाननं 2018 ला त्याच्याशी तेच केलं होतं. बिचाऱ्याचं नशीब, किंवा स्वभाव. मोरोक्कोत हकीम झियेशसारख्या खेळाडूंशी त्याचं बिनसलं होतं. जागेवर आला वालिद रेग्रागुई. फ्रान्समध्ये जन्मलेला, मोरोक्कोकडून खेळलेला, आणि त्याच वर्षी कासाब्लांकाच्या विदादला आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेला. त्यानं झियेशला परत आणलं, ड्रेसिंग रूम जोडली आणि तीन महिन्यांत उपांत्य फेरी गाठली. त्या संघातले निम्म्याहून जास्त खेळाडू देशाबाहेर जन्मलेले होते, त्यांच्याशी बोलायला दोन्हीकडचा माणूस हवा होता. 'देशी' म्हणून तो चालला असं म्हणणं अर्धवट आहे. त्या वेळी त्या संघाला जे पाहिजे होतं ते त्याच्याकडं होतं.

आपल्याकडं काय झालं बघ. इंग्लंडचा स्टीफन कॉन्स्टंटाइन कोच म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हा 2015 मध्ये आपण फिफा क्रमवारीत 173 पर्यंत घसरलो होतो, 2017 ला 96 वर पोचलो. 2019 च्या आशिया चषकात थायलंडला 4-1 हरवलं आणि बहारीनविरुद्ध शेवटच्या क्षणाच्या पेनल्टीनं बाहेर पडलो. मग इगोर स्टिमाच. क्रोएशियाच्या 1998 च्या विश्वचषक संघातलं मोठं नाव. 2019 ला कतारला त्यांच्या घरी 0-0 रोखलं, 2023 ला दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा जिंकली, पण पुढच्या आशिया चषकात तीन सामन्यांत एकही गोल नाही, आणि 2024 च्या मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हार. जूनमध्ये त्याला काढलं तेव्हा वाढवून दिलेला करार 2026 पर्यंतचा होता, म्हणजे कोच गेला तरी वाद राहिला. करार वाढवताना बाहेर पडायची वाट आधी लिहून ठेवायची असते. आपण जागा भाड्यानं देतानासुद्धा तेवढं लिहितो.

त्यानंतरचा निर्णय मला आजही पटत नाही. जुलै 2024 मध्ये स्पेनच्या मानोलो मार्केझला नेमलं, तेव्हा तो एफसी गोव्याचाही कोच होता आणि वर्षभर दोन्ही कामं करत राहिला. माणूस वाईट नव्हता, भारतीय लीग त्याला तळहातासारखी माहीत. पण ज्या कामात आधीच दिवस कमी, तिथं लक्षही वाटून द्यायचं? आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. मग 170 अर्जांतून तिघे निवडले गेले, कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचा तार्कोविच आणि आपला खालिद जमील, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये जमीलला जागा मिळाली. आयझॉलसारख्या छोट्या क्लबाला 2016-17 ची आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारा हा माणूस. थोडक्या सामग्रीत, बचाव घट्ट करून, समोरच्याला चुका करायला लावून जिंकणं ही त्याची जुनी ओळख. माझ्या वरच्या कसोटीला असा माणूस बसतो. त्यानं सुरुवातही चांगली केली, मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. महिन्याभरानं सिंगापूरशी तिथं 1-1 आणि मडगावात 1-2, आणि 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद.

तेव्हा लोक म्हणाले, देशी कोचही फेल. मला ते मान्य नाही. 2025 मध्येच क्रिस्पिन छेत्रीच्या हाताखाली आपल्या महिलांनी थायलंडला त्यांच्या घरी 2-1 हरवून आशिया चषक गाठला, आणि बिबियानो फर्नांडिसच्या 17 वर्षांखालच्या पोरांनी अहमदाबादला इराणला 2-1 हरवलं. दोघेही देशी. पण त्याच वर्षी 20 वर्षांखालच्या मुलींना आशियाई स्पर्धेला नेणारा योआकिम अलेक्झांडरसन स्वीडनचा आहे. पासपोर्टावरून काही ठरत नाही. कुमार संघ महिनोन्‌महिने एकत्र राहतात, ते क्लबांशी भांडत बसत नाहीत. तिथं वस्ताद चालतो.

आणि एक दुखणं कुठलाच कोच बरं करणार नाही. लीगमध्ये एका वेळी मैदानावर चार परदेशी चालतात, आणि क्लब त्यातला एक तरी पुढं गोल करायला ठेवतात. भारतीय पोरगा मग विंगवर नाहीतर बेंचवर. म्हणून 2025 च्या मार्चमध्ये चाळिशीतल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. मुलाखतीत विचारायलाच हवं: गोल कोण करणार? 'आक्रमक फुटबॉल खेळू' हे उत्तर नव्हे. 'अमुक विंगरला दहा सामने मधे खेळवून बघीन', किंवा 'माझ्याकडं फॉरवर्ड नाही, म्हणून मी निम्मे गोल कॉर्नरवर काढीन', हे उत्तर.

लायसन्सचं विचारशील. आशियाई महासंघाचं एएफसी प्रो किंवा युरोपचं युएफा प्रो हे कोचिंगचं लायसन्स हवंच, पण ती चाळणी आहे, वजनकाटा नाही. मोठा खेळाडू असणं? अजिबात मोजू नये. लिओनेल स्कालोनीनं 2018 ला अर्जेंटिनाची तात्पुरती जबाबदारी घेतली तेव्हा कुठल्याही मोठ्या संघाचा मुख्य कोच म्हणून त्याच्या नावावर काही नव्हतं, खेळाडू म्हणूनही तो फार मोठा नव्हता, आणि 2022 चा विश्वचषक त्यानंच जिंकून दिला.

शिफारशी मात्र नीट घ्याव्यात. सगळे उमेदवार आपल्या कप्तानांचे फोन नंबर देतात. मी बेंचवर बसलेल्यांना फोन करीन. हंगामभर न खेळलेला, तरीही कोचबद्दल सरळ बोलणारा खेळाडू सापडला, तर त्या कोचला माणसं सांभाळता येतात. 23 जणांच्या संघात सामन्याला अकरा उतरतात. मिझोराम, मणिपूर, केरळ, गोवा, बंगाल, पंजाब अशा सहा ठिकाणांहून आलेले बाकीचे बारा हॉटेलात काय बोलतात, यावर पुढचा सामना ठरतो.

माझ्या हातात असतं तर मी जमीलच्या जातीचा, लीग आतून ओळखणारा मुख्य कोच ठेवला असता, आणि पैसे सेट-पीसच्या परदेशी सहायकावर आणि सामन्यांचं विश्लेषण करणाऱ्या दोन माणसांवर खर्च केले असते. 23 वर्षांखालच्या संघाचा कोच त्याच्याच हाताखाली असता, दोन्ही संघ एकाच पद्धतीनं खेळले असते, म्हणजे वर येणाऱ्या पोराला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं नसतं. करार दोन वर्षांचा, एका पात्रता फेरीपुरता, आणि त्याच करारात क्लबांनी किती जादा दिवस द्यायचे ते लीगच्या सहीनिशी. ती सही मिळत नसेल, तर कोचची जाहिरात काढूच नये.